दोन मायबाप सरकारांची लेकरं

हाँगकाँगचे वृत्तपत्रमालक जिमी लाय यांना २०२० साली अटक झाली आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून ते तुरुंगात आहेत. ब्रिटन म्हणतं, हा आमचा नागरिक, आमच्या वकिलातीतल्या माणसाला त्याची भेट घेऊ द्या. चीन म्हणतो, हा चिनी माणूस, आम्ही दुहेरी राष्ट्रीयत्व मानत नाही, तुमचा संबंध काय? आपल्याकडेही यावर हिरीरीनं बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांचे दोन तट ठरलेले. चीनवर राग असणारे लंडनची री ओढतात. साम्राज्यावर राग असणारे विचारतात, ज्यांनी अफूच्या पेट्या विकल्या त्यांना आज चिन्यांचा एवढा पुळका कसा? आणि दोन्ही बाजूंचा कुणीतरी शेवटी तेच वाक्य टाकतो: दोन डगरींवर हात ठेवला की असंच व्हायचं.

माझा आक्षेप त्या वाक्याला आहे. त्यात एक गृहीत लपलेलं आहे. दुहेरी राष्ट्रीयत्व ही कुणा लबाडाची सोय आहे, आणि अडचणीत आल्यावर वकिलातीचं दार वाजवण्याआधी त्यानं ‘मी खरा कोणाचा’ हे सिद्ध करावं, असं ते गृहीत. वसाहतींत राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर नेमकं उलट दिसतं. डगरी त्यांनी निवडल्या नव्हत्या. दोन सरकारांनी त्या आपापल्या सोयीनं त्यांच्या हाताखाली आणून ठेवल्या आणि गरज सरताच काढून घेतल्या. म्हणून माझं म्हणणं असं: ज्या सरकारानं एखाद्याला आपली प्रजा म्हणून नोंदलं, त्याच्या अटकेनंतर विचारपूस करायची जबाबदारी त्या सरकारावर राहते. दुसऱ्या सरकारानं केवळ रक्ताच्या जोरावर केलेला दावा, त्या माणसाच्या होकाराशिवाय, ती जबाबदारी पुसू शकत नाही.

सुरुवात जावा बेटापासून करावी लागेल. १७४० च्या ऑक्टोबरात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच कंपनीच्या अमलाखाली चिन्यांची कत्तल झाली. हजारो माणसं मारली गेली. ही बातमी पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, दरबारात पोचली तेव्हा तिथला सूर असा होता की पूर्वजांची थडगी टाकून परमुलखात गेलेल्यांसाठी बादशहानं काही करायचं कारण नाही. मुळात देश सोडून जाणं हाच गुन्हा होता, आणि तो कायदा कागदावर १८९३ पर्यंत जिवंत राहिला. तोवर चित्र मात्र पालटू लागलं होतं. परदेशातले चिनी श्रीमंत झाले होते, घरी पैसे पाठवत होते, आणि १८९५ मध्ये जपानकडून मार खाल्लेल्या, चीनच्या चिंग राजघराण्याच्या सरकारला पैसा हवा होता. पूर्वी ज्यांना टाकून दिलं होतं ते एकाएकी आपले झाले. १९०९ मध्ये चीननं पहिला राष्ट्रीयत्व कायदा केला: बाप चिनी, तर मूल चिनी, मग ते जगात कुठेही जन्मो.

डच लगोलग जागे झाले. १० फेब्रुवारी १९१० ला त्यांनी आपला कायदा केला: ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, स्थायिक असलेल्यांच्या पोटी तिथे जन्मलेला तो डच प्रजाजन. वाचणाऱ्याला वाटेल, वा, जन्माच्या मातीवरून राष्ट्रीयत्व, किती उदार! पण शब्द नीट पाहा. प्रजाजन. डच नागरिक नव्हे. कायद्याच्या भाषेत हे लोक ‘परकीय पौर्वात्य’च राहिले. त्यांच्यावर नेमून दिलेल्या मोहल्ल्यात राहण्याची सक्ती होती, दुसऱ्या गावी जायचं तर पास घ्यावा लागे, आणि हे जाच पुढच्या काही वर्षांत हळूहळू सैल झाले. मग प्रजाजन म्हणवून घेण्याची एवढी घाई कशाला? कारण चीन तिथे कॉन्सुल, म्हणजे आपल्या लोकांची बाजू पाहणारा वकिलातीतला अधिकारी, नेमायला निघाला होता. हे लोक चीनचे ठरले असते तर त्यांच्या तक्रारी घेऊन चिनी कॉन्सुल गव्हर्नरच्या दारात उभा राहिला असता. डचांनी त्याचं उदाहरण नुकतंच पाहिलं होतं. जपान बलवान झाला आणि १८९९ मध्ये ईस्ट इंडीजमधल्या मूठभर जपान्यांना कायद्यानं युरोपीय लोकांचा दर्जा द्यावा लागला. चिनी संख्येनं कितीतरी जास्त, त्यांच्या बाबतीत ही चैन परवडणारी नव्हती. म्हणजे राष्ट्रीयत्व दिलं ते संरक्षण देण्यासाठी नाही, दुसऱ्यानं देऊ नये म्हणून. कुलूप घराला नव्हतं, माणसाला होतं.

८ मे १९११ ला दोन्ही सरकारांनी तडजोड केली. डच मुलखात असेपर्यंत माणूस कोणाचा हे डच कायदा ठरवील, आणि तोच माणूस चीनमध्ये गेला की चीन त्याला आपला मानू शकेल. (बोटीत असताना कोणाचा, हे बहुधा समुद्रालाच विचारायचं.) चीनमध्ये अडचण आली तर डच हात वर करणार, जावात आली तर चीन. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ही म्हण इतक्या चोख कायदेशीर भाषेत दुसरीकडे कुठे लिहिली गेली असेल असं मला वाटत नाही. आणि या सगळ्या वाटाघाटीत, ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मराठी वाचकाला त्याच सुमाराची दुसरी गोष्ट आठवायला हरकत नाही. जुलै १९१० मध्ये मार्सेलच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून उडी घेतली, फ्रेंच भूमीवर पकडले गेले आणि परत ब्रिटिशांच्या हवाली झाले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: अटकेत गफलत झाली खरी, पण ब्रिटननं कैदी परत करण्याची गरज नाही. त्या खटल्यात वादी फ्रान्स, प्रतिवादी ब्रिटन. ज्यांच्या जन्मठेपेचा प्रश्न होता त्यांना त्या दालनात पक्षकार म्हणून जागाच नव्हती. फ्रान्सही भांडला तो आपल्या किनाऱ्याच्या अब्रूसाठी. वसाहतीतला माणूस त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात बोलणारा नव्हता, त्याच्याबद्दल बोललं जाई. जावातले चिनी त्याच रांगेत उभे होते.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. चीनमध्ये परक्या वकिलातींनी चिनी वंशाच्या प्रजेला दिलेलं संरक्षण हे साम्राज्यवादाचं हत्यार होतं, आणि चिनी माणसाच्या मनात त्याची जखम उगाच नाही. ८ ऑक्टोबर १८५६ ला कँटनमध्ये, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, ‘अ‍ॅरो’ नावाच्या गलबतावर चिनी अधिकाऱ्यांनी चाचे शोधायला धाड घातली आणि बारा चिनी खलाशी पकडले. गलबताचा मालक चिनी, पण नोंदणी हाँगकाँगची, म्हणून ब्रिटिश कॉन्सुल हॅरी पार्क्स यानं इंग्रजी निशाणाचा अपमान झाला असं म्हणत रान उठवलं. गंमत अशी की त्या दिवशी गलबताच्या नोंदणीची मुदतही संपलेली होती. तरी युद्ध झालं, आणि ते १८६० मध्ये बादशहाचा उन्हाळी राजवाडा जळल्यावर संपलं. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेलं. मे १८९७ पर्यंत बेट सोडून न गेलेले रहिवासी जपानी प्रजा झाले. त्यांतले काही समोरच्या आमॉय बंदरात, आजच्या शियामेनमध्ये, येऊन अफूचे आणि जुगाराचे अड्डे चालवू लागले. चिनी पोलिसांना हात लावता येईना, कारण खटला चालणार जपानी कॉन्सुलपुढे. शेजारच्या चिन्यांनीही खटपट करून तैवानची नोंदणी मिळवली. राष्ट्रीयत्व बाजारात विकत मिळायला लागल्यावर ते राष्ट्रीयत्व कसलं? असं चिनी अभ्यासक विचारतात तेव्हा मी निरुत्तर होतो.

पण निरुत्तर होतो तो त्या प्रश्नापुरता. अ‍ॅरोच्या आणि आमॉयच्या प्रकरणात दुखणं काय होतं? कॉन्सुल कैद्याला भेटला हे नव्हे. कॉन्सुलनं कैद्याला देशाच्या कायद्यातूनच बाहेर काढलं, हे दुखणं. परकीयांवर चिनी न्यायालयात खटलाच चालू शकत नाही, हा विषम तहांनी लादलेला विशेषाधिकार होता. ब्रिटन आणि अमेरिकेनं तो जानेवारी १९४३ मध्ये सोडून दिला. आजच्या संरक्षणाचा आधार १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम आहे: अटक झालेल्याची भेट घ्यावी, त्याच्याशी बोलावं, त्याला वकील मिळवून द्यायला मदत करावी. खटला तिथल्याच न्यायाधीशापुढे, तिथल्याच कायद्यानं. तुरुंगाच्या जाळीपलीकडे बसून ‘जेवण बरं मिळतं का, औषधं मिळतात का’ हे विचारणारा कारकून आणि कँटनवर तोफा डागणारं आरमार, या दोघांना एकाच मापानं मोजायचं असेल तर मग वाद घालण्यातच अर्थ नाही.

आणि हेही पाहा की जुन्या काळीसुद्धा ब्रिटिशांचं हे संरक्षण फार भरवशाचं नव्हतं. सिंगापूर-पेनांगमध्ये जन्मलेले चिनी हे ब्रिटिश प्रजा होते. व्यापाराला किंवा पूर्वजांच्या गावी ते आमॉयला जात. १८५१ मध्ये अशाच एका सिंगापूरकडच्या माणसाला, तो एका ब्रिटिश पेढीत नोकरीला होता, चिनी अधिकाऱ्यांनी गुप्त मंडळी चालवल्याच्या आरोपावरून धरलं. कॉन्सुलनं मागणी केली, पण कोठडीतच त्याचा जीव गेला. अशा भानगडी वाढल्यावर ब्रिटिशांनी काय उपाय काढला? १८६८ मध्ये पेकिंगमधले ब्रिटिश राजदूत रदरफर्ड ऑलकॉक यांनी नियम केला की चिनी वंशाच्या ब्रिटिश प्रजेला चीनमध्ये संरक्षण हवं असेल तर तिनं चिनी पोशाख टाकून द्यावा आणि चटकन वेगळा ओळखू येईल असा पेहराव करावा. सिंगापूरच्या चाळीशीतल्या एखाद्या व्यापाऱ्याची कल्पना करा. म्हाताऱ्या काकूला भेटायला तो आजोबांच्या गावी निघालाय. अंगावर कोट-पाटलोण चढवली तर गावात ‘फिरंगी’, न चढवली तर सरकारदरबारी कुणीच नाही. हक्क खुंटीवर टांगलेला.

विरोधकांचा दुसरा मुद्दा निष्ठेचा: एका माणसाला दोन देशांशी इमान राखता येत नाही, आणि नवस्वतंत्र देशाला तर आपले कोण ते ठाऊक असलंच पाहिजे. यात तथ्य आहे. पण दुहेरी निष्ठेची तक्रार करणाऱ्या सरकारांनी दुहेरी निष्ठा वापरून घेण्यात कधी कसूर केली नाही. सिंगापूरचे होऽ आ-के, ज्यांना सगळे ‘व्हाम्पोआ’ म्हणत, १८६९ मध्ये ब्रिटिश वसाहतीच्या विधिमंडळाचे सदस्य झाले, आणि १८७७ मध्ये चीननं सिंगापुरात पहिला कॉन्सुल नेमला तो त्यांनाच. शिवाय रशिया आणि जपानचे कॉन्सुलही तेच! तीन दरबारांचे वकील आणि चौथ्याच्या कौन्सिलात सभासद. पेशवाईत तर असा वकील संशयानं गडावर गेला असता. इथे मात्र कुणाला इमानाची चिंता वाटली नाही, कारण माणूस श्रीमंत होता आणि सगळ्यांच्या कामाचा होता. इमानाची चौकशी सुरू होते ती कोळशाच्या दुकानदारापाशी.

म्हणूनच बांडुंगचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २२ एप्रिल १९५५ ला, आशिया-आफ्रिका परिषद चालू असताना, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय आणि इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री सुनार्यो यांनी दुहेरी राष्ट्रीयत्व संपवणारा करार केला. दोन वर्षांत ज्यानं त्यानं एक देश निवडावा. चीननं पहिल्यांदाच रक्ताचा दावा सोडायची तयारी दाखवली होती, आणि निदान कागदावर पहिल्यांदाच संबंधित माणसाला विचारलं जाणार होतं. दुहेरी राष्ट्रीयत्वाचे विरोधक हा करार आदर्श म्हणून दाखवतात. तत्त्व म्हणून मीही दाखवीन. पण पुढे काय झालं? करार अमलात यायला जानेवारी १९६० उजाडला. त्याच महिन्यापासून इंडोनेशियाच्या खेड्यांत परकीयांना किरकोळ दुकान चालवायला बंदी आली, आणि त्या वर्षी लाखभर चिनी बोटींत बसून ‘मायदेशी’ गेले. त्यांतल्या अनेकांनी तो देश आधी कधी पाहिलाही नव्हता. तिथे अनेकांची सोय सरकारी शेतांवर झाली, आणि सांस्कृतिक क्रांतीत ‘परदेशी लागेबांधे’ म्हणून हेच लोक संशयाचे धनी ठरले. ज्यांनी इंडोनेशिया निवडला त्यांनाही पुढची कित्येक वर्षं नागरिकत्वाचा वेगळा दाखला घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. १९६९ मध्ये इंडोनेशियानं करारच रद्द केला. एक देश निवडला, इमान एकाच ठिकाणी वाहिलं, आणि संशय काही कमी झाला नाही.

आपणही हात झटकून उभं राहू नये. नोव्हेंबर १९६२ मध्ये आसामातल्या माकूमसारख्या गावांतून चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं गेलं. सुमारे तीन हजार माणसं, त्यांत म्हातारी, पोरंबाळं. बरेच भारतातच जन्मलेले. त्या वेळच्या वटहुकमानं परकीयांवरचे निर्बंध अशा माणसालाही लागू केले, ज्याचे आई-बाप किंवा आजी-आजोबा यांपैकी कुणीही कधीकाळी शत्रुदेशाचे नागरिक होते. आजी-आजोबा! रक्ताचा दावा चीन करतो तेव्हा आपल्याला तो विस्तारवाद वाटतो; तोच दावा आपण उलट बाजूनं केला, तेव्हा त्याला सुरक्षा म्हणालो. या माणसांकडे दोन राष्ट्रीयत्वं असती तर ती संशयास्पद ठरली असती, हे मान्य. पण त्यांतल्या काहींकडे एकच होतं, भारतीय, तेव्हाही ती ठरलीच.

राहता राहिला कायद्याचा मुद्दा. १९३० च्या हेग कराराचं चौथं कलम सांगतं की एखादा माणूस दोन्ही देशांचा असेल तर एक देश दुसऱ्याविरुद्ध त्याला राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. बीजिंगच्या बाजूनं बोलणारे याच नियमाचा आधार घेतात. नियम जुना आहे, खरा आहे. पण तो करार झाला तेव्हा चीननं काय केलं होतं? १९३५ मध्ये करार मंजूर करताना चौथं कलम तेवढं वगळलं. का वगळलं हे उघड आहे: जावा-मलायातले आपले लोक वसाहतवाल्यांच्या कायद्यानं डच किंवा ब्रिटिश ठरले होते, आणि त्यांच्या बाजूनं बोलायचा हक्क चीनला सोडायचा नव्हता. तेव्हाचं सरकार वेगळं होतं हे खरं, पण युक्तिवाद चिनीच होता आणि माझ्या मते बिनतोड होता. तो आज लंडनच्या तोंडी आला म्हणून चुकीचा कसा ठरतो?

नियमही १९३० मध्ये गोठून राहिलेला नाही. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं नॉटेबोम खटल्यात माणसाचा देशाशी खरा, जिवंत संबंध किती हे पाहिलं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगानं २००६ च्या मसुद्यात प्रबळ राष्ट्रीयत्वाची कसोटी धरली. इथे चतुर विरोधक मला पेचात पकडेल. ही कसोटी लावली तर हाँगकाँगमध्ये उभं आयुष्य घालवलेल्या माणसाचं प्रबळ राष्ट्रीयत्व कुठलं? ब्रिटिश तर नव्हेच. बरोबर. पण तो संबंध पातळ कुणी केला? १९६२ पासून ब्रिटननं वसाहतींतल्या प्रजेला आपल्या बेटावर येण्याची दारं एकेक करून लावली. १९८१ च्या कायद्यानं हाँगकाँगवाल्यांना नागरिकांपासून वेगळं काढलं. १९८७ पासून ‘ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)’ नावाचा पासपोर्ट दिला, ज्यावर ब्रिटनमध्ये आपोआप राहण्याचा हक्क नाही. हाँगकाँग चीनकडे सोपवायची वेळ जवळ आली आणि घाई लागली तेव्हा १९९० मध्ये पन्नास हजार कुटुंबांना, निवडून निवडून, पूर्ण नागरिकत्व दिलं. स्वतःच दार बंद करायचं आणि नंतर म्हणायचं, हा आपल्या घरात राहिलाच नाही, तेव्हा नातं कच्चं! माझा राग लंडनवर आहे तो यासाठी. अफूसाठी रागवायला दुसरे पुष्कळ लोक आहेत.

चीनच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. मे १९९६ मध्ये चिनी संसदेच्या स्थायी समितीनं हाँगकाँगसाठी राष्ट्रीयत्व कायद्याचा अर्थ लावला, त्यात एक खिडकी आहे: ज्याचं राष्ट्रीयत्व बदललं त्यानं कागद दाखवून तसं जाहीर करावं. पण १९९० च्या योजनेत ब्रिटिश झालेल्यांसाठी ती खिडकी बंद, आणि इतरांचे परदेशी पासपोर्ट प्रवासाला चालतील, वकिलातीच्या संरक्षणाला नाही. दोन वर्षांनी पोर्तुगीज अमलाखालच्या मकावसाठी तोच अर्थ लावताना मात्र त्याच समितीनं चिनी-पोर्तुगीज मिश्र वंशाच्या लोकांना सांगितलं, दोन्हींपैकी जे हवं ते निवडा. म्हणजे निवड देता येते, देऊन आभाळ कोसळत नाही. फक्त आईबाप दोघेही चिनी असतील तर देत नाहीत.

मकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्यातून चालत असे, म्हणून हा धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. पोर्तुगालनं २० नोव्हेंबर १९८१ पूर्वी मकावात जन्मलेल्यांना पूर्ण नागरिक मानलं, तसंच १९६१ पूर्वीच्या गोवेकरांना आणि त्यांच्या वारसांना लिस्बनमध्ये नोंदणीचं दार उघडं ठेवलं. भारतानं १९६२ च्या आदेशानं गोवेकरांना नागरिक केलं आणि पोर्तुगीज राहू इच्छिणाऱ्यांना निवेदन द्यायला एक महिना दिला. ज्यांनी तो पर्याय घेतला ते आपल्याच गावात परवान्यावर राहणारे परकीय झाले. आज म्हापशाच्या एखाद्या घरातला मुलगा आजोबांच्या जन्मदाखल्यावर लिस्बनमध्ये नोंदणी करून लंडनला कामाला गेलेला असतो, आणि घरच्यांना रात्रीची झोप नसते की या नोंदणीनं त्याचं भारतीयत्व नेमक्या कोणत्या तारखेला गेलं. त्याला ‘दोन डगरींवर हात ठेवणारा’ म्हणणं सोपं आहे. डगरी एका साम्राज्यानं आणि एका प्रजासत्ताकानं उभ्या केल्या, त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी.

ब्रिटिश पासपोर्ट हाती आला तर दोन ठिकाणी वाचून पाहा. सुरुवातीला राजाच्या नावानं जगाला विनंती असते की या पासपोर्टधारकाला अडथळा न करता जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावं. मागच्या बारीक टिपांत सूचना असते की धारक दुसऱ्या देशाचाही नागरिक असेल, तर त्या देशाच्या अधिकाऱ्यांपासून त्याला संरक्षण देता येणार नाही. पहिला मजकूर ठसठशीत अक्षरांत आहे. दुसरा वाचायला हाँगकाँगच्या म्हाताऱ्या माणसाला चष्मा लागतो.